थिओडोराच्या आईचा झाडू

तर तिघं फाटकाशी पोचले आणि बघतात तो काय, म्हातारी त्या मोत्यांच्या झाडूनं पायऱ्या झाडतेय. साधं झाडणं नव्हे. कोपऱ्यात घालून, दाबून, वर्षाची माती निघावी तसं. प्रत्येक फटकाऱ्याला एखाद-दुसरा मोती सुटायचा आणि टपटप करत पायऱ्या उतरून फुटपाथवर यायचा. दांड्याला गुंडाळलेली पांढरी रेशमी फीत तर पार मातकट झालेली.

जूनियसनं डोक्यावरची हॅट काढून छातीशी धरली, कुणी गेल्यावर धरतात तशी. "केवढ्या हौसेनं निवडला होता मी तो झाडू," तो पुटपुटला. "अटलांटाहून मागवला होता."

"म्हणूनच काही कामाचा नाही," म्हातारी वर न बघता म्हणाली. वय शहाऐंशी, पण कान सशाचे. "काड्या निसटतात याच्या. बांधला कुणी हा?"

डेल्फीननं तोंडावर रुमाल धरला, कारण तिला हसू आवरेना. आणि या दोघांच्या मधे उभी असलेली थिओडोरा, जिची ही आई आणि जिच्या लग्नाचा तो झाडू, तिला हसावं की आल्या पावली परत जावं ते कळेना.

आता ज्यांनी पहिला भाग ऐकलाय त्यांनी जरा दम धरावा, नव्यानं येऊन बसलेल्यांना थोडं मागचं सांगायला हवं. लग्नाचा झाडू म्हणजे काय हे कळल्याशिवाय पुढची गंमत कळायची नाही.

थिओडोरा म्हणजे इथे न्यू जर्सीत, वेस्ट विंडसरच्या शाळेची बस चालवणारी बाई. उंच, रुंद खांद्यांची, केस बारीक कापलेले, वय साठ. चोवीस वर्षं तिनं एकच रूट चालवला. आपल्या मराठी घरांतली किती पोरं तिच्या बसमधून शाळेत गेली याची गणती नाही. त्यातली काही आता दाढ्या वाढवून स्वतःच्या पोरांना सोडायला स्टॉपवर येतात आणि थिओडोरा त्यांना अजून दटावते, "शर्ट खोच." तिचा नियम असा की शेवटचं पोर बसल्याशिवाय गाडी इंचभर हलायची नाही. मागे कुणी हॉर्न वाजवला की ही मुद्दाम आणखी दहा सेकंद थांबते. एकदा एका मोठ्या गाडीवाल्यानं खिडकी उघडून तिला काहीबाही सुनावलं. हिनं शांतपणे त्याला सांगितलं, "साहेब, तुम्हीही याच बसनं जायचात, तेव्हाही तुम्हाला घाईच असायची." माणूस लाजून गप्प. खरंच तो तिचाच जुना पोरगा निघाला.

असो. थिओडोराचा जन्म पलीकडे ट्रेंटनचा. वडील पोलादी दोर करणाऱ्या कारखान्यात होते, ते लवकर गेले. आई, मिस अर्लीन, साउथ कॅरोलायनाच्या खेड्यातून तरुणपणी उत्तरेला आलेली. त्या ब्लॅक मंडळींत मोठ्या बाईला नुसत्या नावानं हाक मारत नाहीत, "मिस" लावतात. आपण काकू लावतो तसंच ते. आईनं गावाहून येताना दोनच गोष्टी आणल्या होत्या. एक बायबल आणि एक गवताचा झाडू.

तो झाडू तिच्या आजीनं स्वतः गवत कापून, वाळवून, दोरीनं बांधलेला. झाडायचा नव्हे, लग्नाचा. पूर्वी या लोकांना गुलामगिरीत कायद्यानं लग्नच करता यायचं नाही. मग चार माणसं जमवून जमिनीवर झाडू आडवा ठेवायचा आणि जोडप्यानं हातात हात घालून त्यावरून उडी मारायची, की झालं लग्न. मिस अर्लीनच्या आजीनं त्यावरून उडी मारली, आईनं मारली, मिस अर्लीननं मारली. थिओडोरा जन्मली तेव्हापासून तो स्वयंपाकघराच्या दारावर आडवा टांगलेला असायचा आणि आल्यागेल्याला सांगितलं जायचं, "हा थिओचा."

सत्तावीस वर्षांची असताना एका दुपारी थिओडोरानं आईला सांगितलं की मला पुरुष आवडत नाहीत, बायका आवडतात, आणि हे बदलायचं नाही. दोघी तेव्हा ओट्याशी बसून शेंगा सोलत होत्या. आईनं तिच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "शेंगा सोल."

एवढंच. रागावली नाही, रडली नाही, घराबाहेर काढलं नाही. पण दुसऱ्या दिवशी थिओडोरा स्वयंपाकघरात गेली तर दारावर दोन खिळे नुसतेच. झाडू कपाटात गेला होता. त्यानंतर तेहतीस वर्षं त्या झाडूचं नाव त्या घरात निघालं नाही. थिओडोरा दर रविवारी आईकडे जायची, किराणा आणून द्यायची, दिवे बदलायची, छतावरची पानं काढायची, आणि दारातून आत जाताना त्या दोन खिळ्यांकडे बघायची नाही.

मग नऊ वर्षांपूर्वी रोझलिन आली. रॉझ. ग्रंथालयात काम करणारी, बाल्टिमोरची, मोठ्यानं हसणारी. इतक्या मोठ्यानं की ग्रंथालयात तिलाच लोक हळू बोला म्हणायचे. मिस अर्लीन तिच्याशी वाईट कधी वागल्या नाहीत. पण नऊ वर्षं तिला पाहुण्यांच्या कपातूनच चहा दिला. घरच्या कपात कधी नाही. यंदा वसंतात दोघींनी ईविंगला एक छोटं घर घेतलं आणि लग्न करायचं ठरवलं. रॉझचं म्हणणं साधं होतं, कोर्टात जाऊ, सह्या करू, मासे तळून खाऊ. पण थिओडोराला झाडू हवा होता. आईचा.

मागायची मात्र हिंमत नव्हती. एवढी मोठी बस बर्फातून नेणारी बाई, आईसमोर मांजर व्हायची.

यावर खल झाला तो थिओडोराच्या स्वयंपाकघरात. तिघांचा तो वीस वर्षांचा रिवाज. रविवारी चर्च सुटलं की जूनियस आणि डेल्फीन तिच्याकडे जमायचे. जूनियस रिटायर्ड पोस्टमन, चर्चमध्ये वरच्या पट्टीत गाणारा, आणि त्याच्याकडे हॅट किती आहेत हे त्यालाही माहीत नाही. पुरुषांवर प्रेम करणारा पुरुष, आणि चर्चमधल्या सगळ्या म्हाताऱ्या त्याला हॅट निवडायला घेऊन जायच्या. डेल्फीन म्हाताऱ्यांच्या केंद्रात नर्स. जन्मली तेव्हा घरच्यांनी मुलगा समजून तिचं नाव ठेवलं होतं. चाळिशीच्या आत तिनं ते नाव टाकलं आणि स्वतःचं स्वतः निवडलं. तिघंही स्वतःला ब्लॅक म्हणायचे, क्वीअर म्हणायचे, म्हणजे बाई-पुरुषाच्या नेहमीच्या चौकटीत न बसणारे, आणि तिघांत एका गोष्टीवर कधी एकमत व्हायचं नाही. त्या रविवारी रॉझची ग्रंथालयात ड्युटी होती, म्हणून बोलणं जरा मोकळं.

"मला लग्नात गुलामगिरी नको," डेल्फीन मक्याच्या ब्रेडला लोणी लावत म्हणाली. "मी नाचायला येणार आहे. मालक लोक अंगणात उभं करून आपल्या माणसांना उड्या मारायला लावायचे, हसायला."

"काही ठिकाणी लावायचे," जूनियस म्हणाला. "काही ठिकाणी आपले लोक आपणहून मारायचे. ती गुलामगिरी नाही, गुलामगिरीत केलेलं लग्न आहे. फरक आहे, बाई."

"फरक तुझ्या हॅटमध्ये आणि डोक्यात आहे."

"हॅटला नावं ठेवू नकोस. कागद नाही, कायदा नाही, सकाळी नवरा विकला जाईल की बायको याचा भरवसा नाही. तरी म्हणायचं, आम्ही नवरा-बायको. आता मला सांग, ही गोष्ट कुणाची आहे? माझी आणि वॉलेसची एकोणीस वर्षं काय होती मग? तो गेला तेव्हा दवाखान्यातल्या फॉर्मवर माझ्या नावापुढे काय लिहिलं होतं? मित्र. या झाडूवर आपल्याइतका हक्क कुणाचाच नाही."

वॉलेसचं नाव निघालं की डेल्फीन वाद थांबवते. तिनं भाजी त्याच्या ताटात वाढली. आणि वाढता वाढता म्हणाली, "वॉलेस उडी मारताना आपटला असता पण."

"तोंडावर," जूनियस म्हणाला, आणि तिघंही हसत सुटले.

मग डेल्फीन शांतपणे म्हणाली, "माझं जुनं नाव माझ्या आजीनं प्रेमानंच ठेवलं होतं. तरी मी टाकलं. प्रेमानं दिलेलं सगळं अंगाला बसतंच असं नाही."

"आजीचं आडनाव ठेवलंस की."

"ते बसतं."

"तेच म्हणतोय मी. निवडून घ्यायचं. भाजी निवडतो तसं."

थिओडोरानं काटा खाली ठेवला. "मला सूट घालायचाय," ती म्हणाली. "जांभळा. तो घालून मला माझ्या पणजीच्या झाडूवरून उडी मारायचीय. चर्चमध्ये मी मिस अर्लीनची मुलगी असते. तुमच्यात बसले की मी अशी असते. बसमध्ये मी ड्रायव्हर. एक दिवस, एकच दिवस, मला सगळीच्या सगळी एका जागी उभं राहायचंय."

यावर कुणी विनोद केला नाही.

"मग माग आईकडे," डेल्फीन म्हणाली.

"नाही म्हणाली तर? आत्ता निदान मला माहीत नाही. एकदा नाही म्हणाली की माहीत होईल."

इथे जूनियसच्या डोक्यात अक्कल चमकली, आणि जूनियसची अक्कल चमकली की बाकीच्यांनी आडोसा शोधावा. त्यानं अटलांटाच्या एका दुकानातून मोत्यांचा, फितीचा, लग्नाचा म्हणूनच विकतात तसा झाडू मागवला आणि तो थेट मिस अर्लीनच्या पत्त्यावर पाठवला. हेतू असा की म्हातारीला तो बघून आपल्या झाडूची आठवण होईल, काळीज पाघळेल, आणि ती आपण होऊन फोन करेल. फक्त एक झालं. तीस वर्षं लोकांची पत्रं वाटलेल्या या गृहस्थानं खोक्यात चिठ्ठीच टाकली नाही. कुणाचा, कशासाठी, काही नाही. फोनही आला नाही, आणि थिओडोरा भीतीनं दोन रविवार आईकडे फिरकलीच नाही. म्हणून तिसऱ्या रविवारी तिघं बघायला निघाले.

त्याच आठवड्यात स्टॉपवर थिओडोरानं ही हकीकत शशिकांत काकांना सांगितली होती. काका म्हणजे नात उर्वीला रोज बसपर्यंत सोडणारे रिटायर्ड इंजिनिअर. पोरं काका म्हणतात म्हणून थिओडोराही त्यांना काकाच म्हणते. काका ऐकून चाटच पडले. "थिओडोराबाई, आमच्याकडे केरसुणी म्हणजे लक्ष्मी. चुकून पाय लागला तर नमस्कार करतो आम्ही. आणि तुम्ही तिच्यावरून उडी मारता?"

"पाय लावत नाही, काका. पाय लागला तर लग्न टिकत नाही म्हणतात. म्हणूनच उडी."

काकांनी विचार केला. "मग बरोबर आहे," ते म्हणाले. "एकूण मानच झाला."

तर आता परत फाटकाशी या. म्हातारी झाडतेय, मोती घरंगळतायत.

"आई," थिओडोरा म्हणाली, "तो झाडायचा झाडू नाही."

"ते दिसतंच आहे." मिस अर्लीन थांबल्या, झाडू भिंतीला टेकवला. "मी काय टीव्ही बघत नाही? कळलं मला कशाचा आहे तो. म्हटलं, बिनचिठ्ठीचा झाडू दारात आलाय, तर निदान पायऱ्या तरी होऊ देत. बोला. तिघं मिळून आलात म्हणजे कुणाला तरी काहीतरी हवंय."

थिओडोरा फाटक ढकलून एक पाऊल आत आली. तेहतीस वर्षं जिभेखाली ठेवलेलं वाक्य, ते बाहेर आलं तेव्हा अगदी लहान होतं. "मला तुझा झाडू हवाय."

म्हातारीनं पायरीवरचा एक मोती उचलून खिशात टाकला. मग ती म्हणाली, "जुना झाडू नव्या घरात नेत नाहीत. तुला माहीत आहे."

तशी समजूत त्यांच्यात आहे खरी. घर बदललं की जुना झाडू तिथेच टाकून जायचं, नाहीतर जुनी दुखणी बरोबर येतात. पण थिओडोराला वाटलं, झालं. हाच तो नकार. तिनं मान हलवली आणि वळली. आणि ती फाटकाबाहेर पडलीही असती, पण डेल्फीन पुढे झाली.

"मिस अर्लीन, मला स्वतःला तो झाडू पसंत नाही," डेल्फीन म्हणाली. "लग्नात नको म्हणून मी यांच्याशी भांडले. पण एक सांगा. नव्या घरात जात नाही, जुन्या घरात दिसत नाही. मग कपाटात कुणासाठी ठेवलाय?"

मोठ्या बाईला असं कुणी विचारत नाही. जूनियसनं हॅट परत छातीशी घेतली.

मिस अर्लीन हळूच खाली पायरीवर बसल्या. झाडलेल्या पायरीवरच, पण तरी हातानं पुसून बसल्या.

"राग आला होता म्हणून काढला," त्या म्हणाल्या. "खोटं कशाला बोलू. मला वाटलं, माझ्या आजीची वाट माझ्या घरी येऊन संपली. चार-पाच वर्षं तो राग होता. मग गेला. कधी गेला ते कळलंही नाही, दात पडतो तसा. पण मग परत टांगायचा कसा? आल्यागेल्यानं विचारलं असतं, काढला का होता. लाज वाटली. म्हटलं, पोरगी मागेल तेव्हा देऊ." त्यांनी मान वर करून मुलीकडे बघितलं. "तेहतीस वर्षांत तू एकदा मागितला नाहीस, थिओ."

"तू नाही म्हणशील असं वाटलं."

"मागितल्याशिवाय नाही कसं म्हणणार?"

दोघींच्याही डोळ्यांत पाणी आलं, पण दोघीही एकाच वळणाच्या, पुसलं कुणीच नाही.

"पण नव्या घरात तो जायचा नाही," म्हातारी नाक ओढून म्हणाली. "ते मी उगाच बोलले नाही. ते खरंच आहे."

"मग झाडू नका नेऊ," जूनियस म्हणाला. "लग्न इथे आणतो."

"इथे?"

"मागच्या अंगणात. चाळीस माणसं."

"चाळीस म्हणजे साठ," मिस अर्लीन म्हणाल्या. "तुझ्या हॅटलाच दोन खुर्च्या लागतात. खुर्च्या चर्चमधून आणाव्या लागतील." मग जरा थांबून, "पास्टरना मी सांगते. माझ्या मुलीचं लग्न आहे म्हणून सांगते."

थिओडोरानं फाटकाचा गज धरला.

"घालणार काय आहेस?" आईनं विचारलं.

"सूट."

"रंग?"

"जांभळा."

"मग मला जांभळं घालता येणार नाही," म्हातारी वैतागून म्हणाली. "आता नवा ड्रेस बघावा लागेल. आधी सांगायला काय होतं?"

सप्टेंबरातल्या एका शनिवारी लग्न झालं. अमेरिकेत लग्न लावायचा अधिकार नुसता एक फॉर्म भरून मिळतो, तर तो फॉर्म भरला डेल्फीननं. झाडूला विरोध करणारी तीच, आणि झाडूमागे उभी राहून लग्न लावणारीही तीच. पिवळ्याधमक झग्यात. तिनं सुरुवातीलाच सांगितलं, "मला हा प्रकार पटलेला नाही, पण ज्यांना पटलाय त्या मला आवडतात."

शशिकांत काका आणि त्यांच्या मालिनीकाकू दोघंही गेले होते. काकूंनी गवताचा तो काळपट झाडू दारावर परत टांगलेला बघितला आणि कुणाचं लक्ष नाही असं पाहून दोन बोटं लावून नमस्कार केला. मिस अर्लीनचं लक्ष होतंच. त्यांनी काही विचारलं नाही, फक्त काकूंच्या ताटात माशाचा आणखी एक तुकडा वाढला.

वेळ झाली तसा मिस अर्लीननं स्वतः स्टुलावर चढून झाडू काढला. कुणाला हात लावू दिला नाही. दोन्ही हातांवर आडवा धरून अंगणात आणला आणि गवतावर ठेवला. रॉझनं थिओडोराचा हात धरला. साठ वर्षांचे गुडघे, चोवीस वर्षं बसचे ब्रेक दाबलेले. उडी झाली चार बोटांची. पण पाय लागला नाही. जूनियसनं आकाशात हॅट फेकली ती शेजाऱ्याच्या झाडावर जाऊन बसली आणि ती काढायला अर्धं वऱ्हाड लागलं. मासे मात्र अप्रतिम होते. रॉझच्या हसण्यानं गल्लीतली कुत्री भुंकत राहिली.

सोमवारी थिओडोरानं नेहमीप्रमाणे बस स्टॉपवर आणली. दार उघडलं. उर्वी चढली. काकांनी खालून विचारलं, "काय थिओडोराबाई, इतकी वर्षं एकत्र होतातच. मग लग्न झाल्यानं बदललं काय?"

थिओडोरानं आरशातून सगळी पोरं बसली की नाही ते बघितलं आणि म्हणाली, "काल रात्री आईचा फोन आला, काका. माझ्याशी दोन वाक्यं बोलली आणि म्हणाली, रॉझला दे. चाळीस मिनिटं दोघी माझ्याबद्दल तक्रारी करत होत्या, आणि मी शेजारी बसून ऐकत होते. इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं."